हजार डॉलरचा रॉड, वीस फुटांवरचा मासा

पाण्याकाठचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : मुलगा डेन्व्हरला असतो, दिवाळीत येतोय. ‘बाबा, तुमच्या साठीला चांगला फ्लाय रॉड आणतो,’ म्हणतो. गेल्या वर्षी हिमाचलात तीर्थन नदीवर गाईडच्या रॉडने दोन दिवस ट्राउट धरले, तेवढाच माझा अनुभव. या मार्चमध्ये पुन्हा जायचं आहे. तिघा जाणकारांना विचारलं, तर तिघांची तीन मतं. एक म्हणतात, सेज किंवा लूमिस या कंपन्यांच्या खाली उतरूच नका. दुसरे म्हणतात, हे महागडे रॉड काचेसारखे तुटतात. तिसरे म्हणतात, जुने रॉड खरे, आताचे नुसते ताठ. ८०-९० हजार रुपये खरंच त्या काठीत असतात का? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : तुमचे तिघेही खरं बोलताहेत. पण रॉड किती अंतरावर चालवून पाहिला आणि त्यावर कोणती लाईन होती, हे तिघांपैकी एकानेही तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. फ्लाय म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा. तिला स्वतःचं वजन सहसा नसतंच, ती लांब जाते ती लाईनीच्या वजनाने, आणि लाईन फेकतो रॉडचा वाक. म्हणून अंतर आणि लाईन, या दोन गोष्टी कळल्याशिवाय रॉडबद्दलचं मत म्हणजे मीठ किती घातलं ते न सांगता भाजीची चव सांगणं.

मोतीबागच्या नॅरोगेज कारखान्यात मी ३१ वर्षं फिटर होतो. निवृत्तीनंतर घरच्या पडवीत रॉड दुरुस्त करतो. दुकानदाराच्या हाती रॉड नवा असताना येतो, माझ्या हाती तो मोडल्यावर येतो. त्यामुळे आत काय भरलंय ते मला बघायला मिळतं.

तर पैसे कुठे जातात ते बघू. कार्बनच्या तंतूंचं राळ मुरवलेलं कापड असतं. ते पताकेसारखं निमुळतं कापायचं, निमुळत्या पोलादी सळईवर घट्ट गुंडाळायचं, वरून पट्टी ताणून आवळायची आणि भट्टीत भाजायचं. मग सळई ओढून काढली की उरते ती पोकळ नळी. तिला ब्लँक म्हणतात. आवळलेल्या पट्टीच्या बारीक वळ्या ब्लँकवर उमटतात. बहुतेक कंपन्या त्या घासून गुळगुळीत करतात, स्कॉट मात्र त्या तशाच ठेवते. बोटाने चाचपून बघा, लागतात हाताला. टोकाशी ही नळी उदबत्तीच्या काडीएवढी असते. तिथे कापड जरा सरकलं की वाक बदलला. चांगल्या कारखान्यात या कापण्या-गुंडाळण्यावर अनुभवी माणसं असतात आणि त्यांचा पगार अमेरिकेतला असतो. सेज वॉशिंग्टन राज्यात, विन्स्टन मोंटानात, स्कॉट कोलोरॅडोत, म्हणजे तुमच्या मुलाच्याच राज्यात, ऑर्विस व्हरमाँटमध्ये. तुमच्या ९० हजारांतला मोठा हिस्सा त्या हातांचा आहे. तो मला गैर वाटत नाही. मीही हाताने कमावलं.

आता त्या तीन मतांकडे येतो.

फेनविक कंपनीने १९७३ साली पहिला ग्रॅफाइटचा, म्हणजे याच कार्बनच्या तंतूंचा, फ्लाय रॉड बाजारात आणला. तेव्हापासून सगळी चढाओढ एकाच दिशेने चालली आहे : आणखी हलका, आणखी ताठ. तंतू जितका ताठ, तितकं कापड कमी लागतं. कापड कमी म्हणजे नळीची भिंत पातळ. ९ फुटी, ५ नंबरचा (हा नंबर त्यावर चालणाऱ्या लाईनीच्या वजनाचा) भारीतला रॉड आज साधारण ७० ते ८५ ग्रॅम भरतो. म्हणजे एका मध्यम आकाराच्या पेरूपेक्षा हलका. पण पातळ भिंतीला वाकणं सोसतं, मार सोसत नाही. तुमच्या दुसऱ्या मित्राने तोच मार पाहिलेला असणार. आणि तिसऱ्याला आठवतोय तो जुन्या रॉडचा खोल वाक. थोडीशी लाईन बाहेर असली तरी जुना रॉड मुठीपर्यंत जागा व्हायचा, हे खरंच आहे.

पहिल्याचं म्हणणंही खोटं नाही. घरी करून बघता येईल असा प्रयोग सांगतो. रॉड जोडा, मूठ धरा, समोर एक छोटा झटका देऊन हात जागेवर थांबवा आणि टोकाकडे बघा. भारीतल्या रॉडचं टोक एक-दोनदा हलतं आणि गप्प होतं. स्वस्त रॉडचं टोक बराच वेळ डुलत राहतं. हे डुलणं लाईनीत उतरतं, लाईन हवेत लाटा घेत जाते आणि फ्लाय भलतीकडे पडते. टोक लवकर गप्प होणं, हा पैशाने विकत घेता येणारा खरा गुण आहे. माझ्या मते तो एकच गुण असा आहे जो हाताच्या कसबाने पूर्ण भरून काढता येत नाही.

आता अंतर. गेल्या हिवाळ्यात मी रेशीमबागच्या मैदानावर सकाळी सहाला तीन रॉड घेऊन गेलो. एक हजार डॉलरच्या वरचा, ताठ जातीचा. एक त्याच किमतीचा, पण मऊ हाताचा. तिसरा दोनशे डॉलरचा. तिन्ही ९ फुटी, ५ नंबरचे. रीळ एकच, लाईन एकच, आणि फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा. जमिनीवर मोजपट्टी पसरली आणि २५, ४० आणि ६० फुटांवर वर्तमानपत्राचे कागद दगडाखाली ठेवले. ६० फुटांवर ताठ रॉडने बाकी दोघांना मागे टाकलं, त्यात वादच नाही. वारा होता तरी लोकर कागदावर. ४० फुटांवर दोन्ही महागडे सारखेच, आणि दोनशेवाला किंचित मागे. पण २५ फुटांवर त्या ताठ रॉडने मला रडवलं. तो वाकेचना. लाईनीचं वजन त्याच्या अंगापर्यंत पोचतच नव्हतं, सगळं काम मनगटाला करावं लागत होतं, आणि लोकर थपकन आपटत होती. मऊ रॉडने मात्र ती कागदावर पिसासारखी ठेवली. दोनशेवाल्यानेही बऱ्यापैकी ठेवली.

याचं कारण साधं आहे. लाईनीचे नंबर वजनावर ठरतात : पहिल्या ३० फुटांचं वजन ५ नंबरला १४० ग्रेन, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. मासा २५ फुटांवर असेल, तर त्यातले ९ फूट पुढच्या बारीक तंगुसाचेच जातात. उरते १५-१६ फूट लाईन, म्हणजे चार-साडेचार ग्रॅम. ६० फुटांसाठी घडवलेला रॉड एवढ्याशा वजनाने जागा होत नाही. आणि तीर्थनसारख्या धोंड्यांच्या नदीत तुम्ही ट्राउट धरलात तो किती फुटांवर? आठवून बघा. एका धोंड्यामागच्या डबक्यात, पंधरा ते तीस फुटांत. बरोबर ना?

लाईनीचा आणखी एक घोळ आहे, आणि मतं उलटसुलट येतात त्यातली निम्मी तरी यामुळेच येतात असं मला वाटतं. डब्यावर ५ लिहिलेल्या कित्येक लाईनी मुद्दाम अर्ध्या किंवा पूर्ण नंबराने जड बनवलेल्या असतात, ताठ रॉड वाकावेत म्हणून. ६ नंबर म्हणजे १६० ग्रेन. एकाने तोच रॉड १४० ग्रेनवर चालवला, दुसऱ्याने १६०वर. एक म्हणतो काठी मेलेली आहे, दुसरा म्हणतो लोण्यासारखी आहे. दोघंही प्रामाणिक, आणि दोघंही रॉडबद्दल बोलतच नाहीत.

म्हणून मुलाला असं सांगा. डेन्व्हरमध्ये फ्लायची चांगली दुकानं आहेत, रॉड बाहेर नेऊन फेकून बघू देतात. दुकानदार लांब फेकून दाखवेल. ते बघून घ्यावं आणि मग पायाने २५ फूट मोजून तिथे टोपी ठेवावी. जो रॉड टोपीत अलगद फ्लाय ठेवेल, तो आणावा. विन्स्टनचे रॉड मऊ हाताचे म्हणून ओळखले जातात, स्कॉटमध्येही तशी जात आहे. सेजचं नाव वेगवान, म्हणजे ताठ, रॉडसाठी मोठं आहे, तुम्ही पुढे मोठ्या पाण्यावर, वाऱ्यात जाल तेव्हा ते उपयोगी पडेल. पण तुम्ही माझे धाकटे भाऊ असता, तर मी सांगितलं असतं : तीनशे-चारशे डॉलरचा, ९ फुटी, ५ नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड घे, ताठपणात मधला. उत्तम लाईन घे, तिथे कंजुषी नको. रीळ साधं चालेल, ट्राउटच्या नदीत ते लाईन सांभाळण्यापुरतंच असतं. उरलेल्या पैशांत तीर्थनला दोन दिवसांऐवजी आठ दिवस राहा. हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, तेव्हा मार्च चांगला आहे. परवाना मत्स्य विभागाचा घ्यावा लागतो, तो आधी काढा.

हमीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं. महागड्या रॉडच्या किमतीत तुटल्यावरच्या दुरुस्तीचा खर्च आधीच धरलेला असतो. ऑर्विसची हमी २५ वर्षांची, इतर बऱ्याच कंपन्यांची मूळ मालकाला आयुष्यभराची, प्रत्येक वेळी थोडी हाताळणी-रक्कम घेऊन. अमेरिकेत राहणाऱ्याला हा सौदा उत्तम आहे. नागपुरातून तुटलेलं टोक पाठवायचं म्हणजे कुरिअर, परत येताना कस्टम, आणि दोन-तीन महिने. तेव्हा खरेदीची नोंद कोणाच्या नावावर करायची हे आधी ठरवा. मुलगा दर वर्षी येत-जात असेल तर नोंद त्याच्या नावावर असू द्या, तुटलेला तुकडा त्याच्या बॅगेतून जाईल आणि त्याच्याच बॅगेतून येईल. हे जमणार नसेल, तर त्या हमीचे पैसे तुम्ही उगाच भरताय.

मुलगा मात्र प्रेमाने आणतोय. त्याने आधीच घेतला असेल, तर यातलं काही त्याला वाचून दाखवू नका. जड नंबरची लाईन लावा, जवळच्या अंतरावर ताठ रॉडही ऐकेल.

प्रश्न : माझा बऱ्यापैकी महागाचा रॉड फेकता फेकता हवेतच तुटला. मासा नव्हता, काही अडकलंही नव्हतं. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणतात, चूक तुमची. मासा नसताना तुटला म्हणजे माल खराब नाही का? (एक वाचक, कामठी)

उत्तर : तुम्ही तुटका तुकडा कागदात गुंडाळून पाठवलात ते फार बरं केलंत. भिंगाखाली बघितला. तुटलेल्या कडेच्या एका बाजूला, टोकापासून साधारण वीतभर खाली, तांदळाच्या कणीएवढा पांढरट खळगा आहे. चीर तिथूनच निघालीय.

हा खळगा फ्लायचा आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय की जड डोळ्यांच्या, शिशाच्या फ्लाय वापरता. मागून पुढे येताना लाईन खाली आली की असली फ्लाय रॉडला टकरते. ‘टक्’ असा आवाज येतो, आपण दुर्लक्ष करतो. कार्बनचे काही तंतू तिथे तुटतात. त्या दिवशी काही होत नाही. मग आठवड्याने, महिन्याने, रिकाम्या फेकीत रॉड तिथेच मोडतो आणि आपण म्हणतो, काहीच नव्हतं की!

तेव्हा या रॉडपुरता दोष मालाचा नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण तुम्हाला फक्त ‘चूक तुमची’ म्हणून परत पाठवणंही बरोबर नव्हतं. विकतानाच सांगायला हवं होतं : जड फ्लाय असेल तर हात थोडा आडवा करा, लाईनीचा घेर मोठा ठेवा.

माझ्याकडे येणाऱ्या रॉडांत माशाने तोडलेला क्वचितच एखादा असतो. सगळ्यात जास्त गाडीच्या दाराने चेमटलेले. त्याखालोखाल आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे छताचा पंखा. हौसेने खोका उघडतात, दिवाणखान्यातच ९ फूट जोडतात आणि वर बघतच नाहीत. मे महिन्यात नागपुरात पंखा बंद कोण करतो? त्यानंतर येतात सैल जोडाचे. चार तुकड्यांचे तीन जोड, फेकताना हळूहळू ढिले होतात. दर अर्ध्या तासाने हात फिरवून घट्ट करावेत. सैल जोडात आतला तुकडा डुगडुगतो आणि बाहेरच्याचा काठ फाडतो. आणि मासा जवळ आल्यावर रॉड उभा धरून खेचणारे. तेव्हा सगळा भार एकट्या टोकावर येतो. मासा हाताशी आला की रॉड आडवा करा, म्हणजे जाड बुंधा काम करतो.

अजून एक, उन्हाळ्याचं. पाण्यावरून आल्यावर ओला रॉड तसाच नळीत कोंबून, नळी गाडीत ठेवून, गाडी उन्हात उभी करू नका. आत वाफ धरते. लाईन ज्यांतून जाते त्या कड्या बांधलेल्या दोऱ्यावरच्या लेपाला फोड येतात, बुचाच्या मुठीला बुरशी लागते. रॉड कितीही भारी असला तरी हे होतं. पुसा, रात्रभर घरात आडवा ठेवा, मग नळीत घाला.

प्रश्न : मरळीसाठी फ्लाय रॉड कितव्या नंबरचा? (एक वाचक, उमरेड)

उत्तर : ८. पानवनस्पतीत बेडकासारखी मोठी फ्लाय फेकायला ५ नंबरच्या लाईनीत जोर नसतो. ८ नंबर २१० ग्रेनची. इथे मी म्हणेन, ताठ रॉडच घ्या, कारण मरळ लागली की पहिल्या दोन क्षणांत तिला वेलींतून बाहेर ओढावं लागतं. महागडा मात्र मुळीच नको, चिखलात-काट्यांत रॉडचे हाल होतात. तलाव मच्छीमार संस्थेकडे असेल तर आधी त्यांना विचारा. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर हलताना दिसला, तर तिथे फ्लाय टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात. ते गेले तर थवा एका दुपारीत संपतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रश्न : विदेशात बांबूचे फ्लाय रॉड लाखाच्या वर जातात असं कळलं. आपल्याकडे बांबूला तोटा नाही. मग आपण का बनवत नाही? (एक वाचक, भंडारा)

उत्तर : हा प्रश्न मला वीस वर्षं छळतोय, म्हणून नीट सांगतो.

मी या कामात पडलो तोच एका बांबूच्या रॉडमुळे. कारखान्यातल्या एका साहेबांच्या वडिलांचा जुना इंग्लिश रॉड होता. दोन तुकड्यांमधला धातूचा जोड इतका घट्ट बसला होता की साहेबांनी दोन माणसांना दोन बाजूंनी ओढायला लावलं होतं. मी तो घरी नेला. जोडावर थेंब थेंब तेल सोडलं, रात्रभर ठेवला, सकाळी गरम पाण्याची चिंधी फक्त बाहेरच्या नळीवर गुंडाळली आणि न पिळता सरळ ओढला. ‘फुक्’ असा आवाज करून निघाला. आतून बघितलं तर सहा त्रिकोणी पट्ट्या, एकीला एक चिकटवलेल्या, मध्ये केसाएवढीही फट नाही. मी लेथवर काम करणारा माणूस, पण लाकडात इतकं नेमकं काम तोवर पाहिलं नव्हतं.

तो बांबू टोंकिन, चीनमधल्या ग्वांगडोंगचा. त्याच्या सालीखालचा तंतूंचा थर दाट आणि जाड, पेरं लांब, वाढ सरळ. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली तेव्हा तिथल्या रॉडवाल्यांचा हा बांबूच अडला. फायबरग्लासने बाजार धरला त्याला हेही एक कारण झालं.

आपला मानवेल बांबू मी वापरून पाहिला. बुरडकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला पट्ट्या काढून दिल्या, त्यांचा हात माझ्यापेक्षा शंभरपट चांगला. मानवेल जवळजवळ भरीव. लाठीला त्याच्यासारखा बांबू नाही. पण पेरं जवळजवळ, म्हणजे गाठी जास्त, आणि प्रत्येक गाठ शेकून सरळ करावी लागते. मी ७ फुटी रॉड केला, चार महिने लागले. जड झाला आणि एका गाठीवर कायमचा वाकला. तरी त्याच्यावर मी चिलापी धरलीय, कन्हानच्या एका शांत कोंडीत, आणि त्या दिवसाची किंमत मला कुठल्या रॉडने करता येणार नाही.

बनवता येईल का? मला वाटतं येईल, लहान, ६ फुटी रॉड. पट्ट्या बुरडकामातल्या माणसाने काढाव्यात आणि घासण्याचा लोखंडी साचा माझ्यासारख्या फिटरने करावा. साचा माझ्याकडे तयार आहे. जुना, नीट वाळलेला बांबू कोणाकडे असेल तर पत्र लिहा. ओला नको, मागच्या वेळी मी तीच चूक केली.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीला फ्लाय फिशिंग शिकायचं आहे. पहिला रॉड चांगलाच घ्यावा असं सगळे म्हणतात. कोणता घेऊ? (एक आई, हिंगणा)

उत्तर : ताई, कुणाचा तरी जुना, ८ फुटी, मऊ रॉड मागून घ्या, ४ किंवा ५ नंबरचा. फायबरग्लासचा मिळाला तर सोनं. तो सावकाश वाकतो, मुलीच्या हाताला ‘आता भार आला’ हे कळतं, आणि पडला-आपटला तरी सहसा तुटत नाही. मूठ जाड असेल तर बूच बारीक कानशीने घासून तिच्या पंजाला बेताची करून द्या. तिचा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं पाहिजे.

पहिले दोन महिने गळ बांधायचाच नाही, फक्त लोकर. मैदान, गवत, कोपऱ्यात परातीएवढा कागद. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी मात्र पहिल्या दिवसापासून, म्हणजे पुढे गळ आल्यावर सवय असेल. त्या कागदावर दहापैकी सहा वेळा लोकर पडायला लागली की पाण्यावर न्या. मग रॉड कोणता हवा, ते ती तुम्हाला स्वतःच सांगेल.